मागून धरलेली ओळ

प्रिय संजना,

तुझा मेसेज मिळाला. तीन वर्षांनी तुला माझा नंबर आठवला, तोही तुझे बाबा गेल्यावर! त्यांचा गातानाचा आवाज तुला हवाय आणि तो फक्त माझ्याकडे असणार, कारण हळर्णच्या तुमच्या घरात तुझं गाणं मीच रेकॉर्ड केलं होतं. बरोबर आहे तुझं. फोन मुद्दाम केला नाही. तू रडली असतीस आणि मी विरघळलो असतो.

काय थाट होता गो आपला! एक मोबाईल, कॉलरला लावायचा माइक आणि त्याच्यावर माझा पायमोजा. खोली घुमू नये म्हणून कपाट उघडं टाकून तुला साड्यांसमोर उभी केली, पाठीमागे दोन गोधड्या टांगल्या. पंखा बंद, फ्रिज बंद, तू घामानं निथळलेली. पोदेर भोंपू वाजवत पाव देऊन गेला की सुरुवात. सगळं जमलं, फक्त बाबा ऐकेनात. जन्मभर देवळात भजनाला बसलेला माणूस. पुढच्यानं ओळ म्हटली की मागच्यानं ती धरायची, न धरली तर गाणाऱ्याचा अपमान, ही त्यांची रीत. तू ओळ सोडलीस की बाहेर सोप्यावरून त्यांनी धरलीच! सात वेळा परत घेतलं. शेवटी तूच चिडून म्हणालीस, ह्या म्हाताऱ्याचा आवाज काढून टाक, स्पर्धेला एकटीचं गाणं पाठवायचंय.

काढला की! आठवडाभर डिचोलीत बसून एकेक ओळ कापली, तुझ्या सुराखालची त्यांची गुणगुणही घासून काढली. तुला पहिलं बक्षीस मिळालं. मग मी मागणी घातली, तर बाबा म्हणाले, बटणां दामपी जांवय आमकां नाका. बटणं दाबणारा जावई नको म्हणे! तू मान खाली घालून आत निघून गेलीस. त्याचा राग अजून गेलेला नाही, कशाला खोटं बोलू.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. तुझा मेसेज येईपर्यंत होतं. काल दुपारी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर आपण दोघं पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा माइक चालूच राहिला होता. बाबा दाराशी येऊन स्वतःशीच म्हणतात, बरें गायलें म्हज्या बायेन. त्यांची बाय म्हणजे तूच गो. तोंडावर त्यांनी तुला कधी चांगलं म्हटलं नाही, म्हणून माझ्याकडे किती रडायचीस तू! ते ऐकलं आणि फाईल पुसून टाकली. दुसरी प्रत नाही. ते काय म्हणाले हे तुला कळावं आणि कधीच ऐकायला मिळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
प्रज्योत