मंगळवारची ओटी

मी, हेमलता गोविंदराव चुरी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा घरकाम, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, आज माझ्या घराच्या ओटीवर बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडले आहे ते स्वादुपिंड. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून वळवलेलेही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे बदलून दुसरे करण्याइतका वेळ मिळेल असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान कै. गोविंदराव यांनी ते हयातीतच बक्षीसपत्राने मला दिले. "मुलगा चांगला आहे, पण घर तुझ्या नावावर असलेलं बरं," असे ते म्हणाले होते. हे घर माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा प्रितेश याला मिळावे. तो वसईला असतो. तो घर ठेवणार नाही, विकणार आहे, हे मला माहीत आहे. घेणारा माणूस याच ओटीवर बसून गेला आणि त्याला चहा मीच करून दिला.

मात्र एक अट आहे. मागची खोली, जिथे पूर्वी चिकूची खोकी रचून ठेवत असू, ती नवशी हिला हयातभर राहण्यास द्यावी. नवशी आमच्या चिकूच्या वाडीत कामाला होती आणि माझ्याबरोबर क्रोशा विणायची.

वकील सुनिल राऊत यांनी मला स्पष्ट सांगितले, "काकू, लिहायला हरकत नाही. पण घर विकलं गेल्यावर नवा मालक तिला राहू देणार नाही, आणि ती काही कोर्टात जाणार नाही." नवशीला विचारले तर तीही तेच म्हणाली, "तू कागद करशील, बाय. उद्या मानंल कोण?" तरीही मी लिहीत आहे.

कलम २. पाटल्या, मोहनमाळ आणि कुड्या सून रिया हिला. चांदीची भांडी प्रितेशला. याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

कलम ३. क्रोशाच्या सुया, दोरे आणि विणलेल्या वस्तू. हे कलम लांबेल.

यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी क्रोशा शिकले. त्यांच्या उशाशी तासन् तास बसायचे आणि बसून करायचे काय? आमच्या शेजारणीने, कुसुमबाईंनी, पहिली सुई माझ्या हातात दिली. साखळी, खांब, मुका खांब, सगळे टाके त्यांनीच शिकवले. चुकले की पुरते उसवायला लावायच्या. सुरुवातीला यजमान वैतागायचे, "बंद कर ती सुई, डोळ्यासमोर नाचते नुसती." पुढे त्यांची वाचा गेली. मग मी दोऱ्याचा गुंडा त्यांच्या पोटावर ठेवायचे. चांगल्या हाताने ते तो धरायचे आणि मला लागेल तसा दोरा सोडायचे. माझ्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेले हे एवढेच एक काम. ते गेले त्या दिवशी गुंडा खाली पडला, तेव्हा मला कळले.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी आम्ही ओटीवर बसू लागलो. कुसुमबाई, मी, आणि चारोटीच्या नाक्यावर शिवणकाम करणारी कविता. प्रत्येकीने आठवडाभर केलेले काम आणायचे, मधे चटईवर मांडायचे, आणि दुसरीने त्यातली खोट काढायची. कविता फोटो काढून सगळीकडे पाठवायची. मी केलेले पहिले तोरण वाकडे झाले होते, तरी कुसुमबाईंनी ते आपल्या दाराला लावले. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला आधी लिहून ठेवायचे आहे.

नवशी पायरीवर बसून पाहायची. चिकू निवडून झाले की दुपारी थोडा विसावा असे, तेव्हा ती यायची. एक दिवस तिने विचारले, "बाय, मी शिकू का?"

मी उत्तर देण्याआधी कुसुमबाई म्हणाल्या, "तू आपलं वाडीतलं काम कर. हे हात सुईचे नाहीत."

"तिला एक सुई देऊन बघू या," मी म्हटले.

"हेमलता, मी माझी कला तुला दिली. तू ती पायरीवर वाटणार असशील, तर मी या ओटीवर येणार नाही."

मी नवशीला वर बोलावले आणि माझ्या शेजारी चटईवर बसवले. कुसुमबाईंनी दोरा गुंडाळला, पिशवी उचलली आणि गेल्या. त्यांचे घर कुंपणापलीकडे. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही एकमेकींच्या दोरीवरचे कपडे पाहिले, तोंडे नाही. दाराचे तोरण त्यांनी त्याच संध्याकाळी काढले होते.

नवशी शिकली. तिचे खांब घट्ट येत, रुमाल पोळीसारखा फुगे, पण तिला त्यात गोडी होती. ती चुकली की मोठ्याने हसायची आणि कविताही हसायची. त्या काळात मी सुखी होते, असे आता म्हणता येते.

मग तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी कुसुमबाई स्वतःहून ओटीवर आल्या. साडी उलटी नेसली होती. चटईवरचा रुमाल उचलून म्हणाल्या, "किती सुरेख आहे हे! याला काय म्हणतात? मला शिकवाल का कुणी?"

त्यांना विसरण्याचा आजार जडल्याचे गावात ऐकले होते, पण एवढे असेल असे वाटले नव्हते. मला हात उचलवेना. नवशी पुढे सरकली, त्यांच्या बोटांत सुई दिली आणि म्हणाली, "हा असा दोरा घे. आता ओढ. ही झाली साखळी."

"साखळी," कुसुमबाई लहान मुलीसारख्या म्हणाल्या.

त्या दर मंगळवारी येत राहिल्या, आणि दर मंगळवारी सगळे पुन्हा पहिल्यापासून. नवशीचा हात हातात धरून त्या साखळी घालायच्या. मला वाटले, चला, उशिरा का होईना, देवाने जुळवून आणले. तसे मी नवशीला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "काय जुळलं, बाय? तिला आठवत नाय म्हणून ती माझ्यापाशी बसते. आठवलं असतं तर उठून गेली असती."

माझा कुसुमबाईंवरचा राग होता तसाच आहे. तो मी सोडत नाही आणि कोणाला देतही नाही. माफी मागेल असे माणूस त्या देहात उरलेले नाही, मग मी माफ कोणाला करू? सध्या त्या आपल्या मुलाकडे विरारला अंथरुणावर आहेत. त्यांनी दिलेली पहिली सुई परत पाठवायचे मनात होते. मुलगा म्हणाला, "नको काकू, त्या हाताला लागेल ते तोंडात घालतात."

पुढचे थोडक्यात लिहिते. वाडी आधीपासून प्रितेशच्या नावावर आहे, ती त्याने एका व्यापाऱ्याला चालवायला दिली. त्याने आपली माणसे आणली आणि जुन्यांना काढले. मी प्रितेशला म्हटले, "नवशीला तरी ठेवायला सांग." तो म्हणाला, "आई, आता माणसं तो ठरवतो." नवशी तळासरीकडे, माहेरच्या पाड्यावर गेली आणि गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत लागली. तिथे यंत्रात तिचा उजवा हात सापडला. तर्जनी आणि मधले बोट गेले. कविताने ओटीवर येणे सोडले. तिच्या दुकानात आता यंत्रावरचे तयार रुमाल असतात. भेटली की डोळे चुकवते. तिने चुकवू नयेत, तिचीही पोरे आहेत.

तरी उरलेले सगळे दोरे कविताला द्यावेत. तिने विकले तरी चालतील.

आमचा एक पलंगपोस आहे. त्यातले चौकोन आम्हा तिघींचे, आणि काठाला कुसुमबाईंच्या त्या साखळ्या नवशीने शिवून लावल्या आहेत. कुठे आखूड, कुठे लांब. तो मी नवशीला देऊ केला. ती म्हणाली, "माझ्या घरात पलंग कुठं हाय?" सून रियाला विचारले, तर ती म्हणाली, "आई, मी जपून ठेवीन. पण वापरणार नाही आणि शिकणारही नाही. खोटं कशाला बोलू?" पलंगपोस रियाला द्यावा. तिने तो कपाटात ठेवावा, डांबराच्या गोळ्या घालाव्यात. खोटे बोलत नाही, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यास मी रियालाच नेमते.

सुया मी कोणालाही देत नाही. ज्या हातांना द्यायच्या होत्या, त्यांना त्या धरवत नाहीत. मी नवशीपुढे डबा उघडला होता. तिने डाव्या हाताने एक सुई उचलली, दोरा गुंडाळून पाहिला. तो घसरला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा घसरला. मग सुई जागच्या जागी ठेवून तिने झाकण लावले. चितेवरही त्या ठेवू नयेत. पोलादी आहेत, जळणार नाहीत, अस्थी गोळा करणाऱ्याच्या हाताला लागतील. त्यांचे काय करावे, हे मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

कलम ४. माझे क्रियाकर्म साधे करावे. दहाव्याला पंगत नको.

कलम ५. मयताच्या वेळी नवशी आली तर तिला अंगणात उभे करू नये, ओटीवर बायकांमध्ये बसवावे. ती मला म्हणाली आहे, "मना बोलावू नको. तुझे लोक विचारतील, ही कोण म्हणून." कोणी विचारलेच, तर प्रितेशने मोठ्याने सांगावे, आईची मैत्रीण. तिला निरोप कसा द्यावा, हे मात्र कळत नाही. तिच्याकडे फोन नाही. भावाचा नंबर गेला महिनाभर बंद लागतो. पाड्यापर्यंत कोणी जाईल, असे माणूस मला दिसत नाही. प्रितेशला वेळ नसेल, आणि रियाला रस्ता माहीत नाही.

तिला वेळेत कळवता आले नाही, तर हे कलम आपोआप रद्द समजावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि माझ्या मनाप्रमाणे असल्याची खात्री करून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: हेमलता गोविंदराव चुरी

साक्षीदार:
१. डॉ. नरेश वामन म्हात्रे, राहणार डहाणू रोड
२. दिपक लक्ष्मण धोडी, राहणार सरावली (गॅसचा सिलिंडर द्यायला आले होते, विनंतीवरून थांबले)

स्थळ: सरावली
दिनांक: १९ मे २०२५