आमचा टपाल, नाकाचा पक्का

३ मार्च. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून लिहिणार, कारण मला अक्षर येत नाही. कोणी वाचायची नाही असं तिला बजावलंय. म्हणाली, आई, लिहिताना वाचलं जातंच. म्हटलं, मग लक्ष न देता लिही.
घरात कुत्रा आणायचा ठरलाय. ठरवलं मी. मुलगा म्हणतो, बाबा आणखी एकदा हरवले तर त्यांना विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवावं लागेल. हरवले म्हणे. छत्तीस वर्षं गावभर पत्रं वाटलेला पोस्टमन हरवेल कसा? सवयीने नऊ वाजता खाकी पिशवी अडकवून निघतात. परत यायचं तेवढं विसरतात. एवढ्यासाठी संस्था कशाला, चांगल्या नाकाचा कुत्रा पुरे.

५ मार्च.
सुनेच्या फोनवर हाउंड पाहिले. शिकारी जात, माग काढण्यात पटाईत.
ग्रेहाउंड अगदी माझ्या धाकट्या नणंदेसारखा. नुसते पाय, आणि दिवसभर झोपा. शिवाय तो वासावर नाही, नजरेवर धावतो. बाद.
अफगाण हाउंडला केस विंचरायला वेगळं माणूस लागेल.
बीगल गोड. पण खादाड, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. घरात ती जागा माझ्याकडे आहे.
ब्लडहाउंडचं नाक सगळ्यांत भारी, पण लाळ गळते. लिहिता लिहिता सुनेने तोंड वाकडं केलं. तोही गेला.
बॅसेट हाउंड. वीतभर पाय, लोळणारे कान, चेहरा कायम सुतकातला. नाक मात्र ब्लडहाउंडच्या खालोखाल आणि चाल माझ्या गुडघ्यांना झेपणारी. पसंत.
मुलगा म्हणाला, आई, कुत्रा लळ्यासाठी पाळतात. म्हटलं, लळा आपोआप लागतो. बाबांना शोधायचं काम आपोआप होत नाही.

१२ मार्च.
आला. दीड वर्षाचा आहे, आधीचे मालक परदेशी गेले. नाव मी टपाल ठेवलं, ह्यांच्या लक्षात राहावं म्हणून.
ह्यांनी त्याला पाहिलं आणि पाय खुर्चीवर घेतले. नोकरीत तीनदा कुत्रं चावलंय, पोटरीवर खूण आहे. म्हणाले, आधी कुत्रं बांधा. दोन दिवसांत रुळतील.

२० मार्च.
रुळले नाहीत. घाई नाही.

२ एप्रिल.
ट्रेनिंग सुरू. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, ज्याला शोधायचं त्याचं न धुतलेलं कापड हुंगवा. ह्या घरात न धुतलेलं काही सापडेल तर शपथ, सून दिसेल ते मशीनमध्ये कोंबते. सून म्हणते, हे मी लिहिणार नाही. लिही.
ह्यांची एक बंडी लपवली. दिवसभर उशाखाली, ट्रेनिंगपुरती बाहेर.

१८ एप्रिल.
दहापैकी दहा. बागेच्या फाटकाशी सून टपालला बंडी हुंगवते आणि सोडते. नाक जमिनीला लावून तो थेट आमच्या बाकाशी येतो. बाकावर हे, शेजारी मी. मुलगा म्हणाला, एकदा तू जरा लांब बस ना. म्हटलं, आणि ह्यांना एकटं बसवू? कुत्र्यावर विश्वास ठेवायला शिक.

९ मे. संध्याकाळ.
मी अंघोळीला गेले, तेवढ्यात हे निघाले. मुलाने स्कूटर काढली. मी अजिबात घाबरले नाही. बंडी काढली, टपालला हुंगवली, म्हटलं, चल, आज दाखव. त्याने अंगणभर नाक फिरवलं, फाटकापर्यंत गेला, मागे वळला आणि माझ्या पावलांवर येऊन बसला. परत हुंगवली. परत माझ्याकडेच. पाच वेळा.
सून हळूच म्हणाली, आई, बंडी किती दिवस आहे तुमच्या उशाखाली?
सव्वा महिना.
चार वाजता मुलाला सापडले. जुन्या पोस्टाच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. तिथे काउंटरपुढे उभे होते, पिशवी उघडी धरून, आजची पत्रं कुठे विचारत. पाय अनवाणी. घरी आल्यावर मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१४ मे.
ह्यांना संस्थेत सोडून आलो. तात्पुरतं आहे. टपालचं ट्रेनिंग पहिल्यापासून करायचं, तिथून नवीन बंडी मागवायची.

१६ मे.
मागितली. तिथे सगळं रोज धुतात.
जुनी उशाखाली परत ठेवली. आता ती कोणाला हुंगवायची नाही.

१ जून.
टपालला घेऊन भेटायला गेलो. हे व्हरांड्यात बसले होते, दाढी नीट केलेली. टपालने त्यांना हुंगलं, पुढे गेला आणि माझ्या पायाशी बसला. ह्यांनी पाय वर घेतले. मला म्हणाले, बाई, आधी कुत्रं बांधा. पत्र आहे तुमचं.
मी खांबाला बांधलं. पन्नास वर्षांच्या संसारात मला एकही पत्र आलेलं नाही. मला कोण लिहिणार, आणि लिहून काय करणार. ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे निघाले.
येताना गाडीत सुनेने घडी उघडून पाहिली. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली, आई, कोरा आहे.
म्हटलं, असू दे. लिहिलेला तरी मला कुठे वाचता आला असता.