क्लच नसलेली गाडी

५ जानेवारी १९६१, म्हसळा

डॉक्टर म्हणाले, डावा गुडघा आता एवढाच वाकणार. एवढाच म्हणजे क्लच दाबता येणार नाही इतकाच! जेट्टीवर शेवाळावरून घसरलो, त्या शेवाळानं अगदी मापात काम केलंय.

कोकिळा म्हणते, "अहो, एखादा ड्रायव्हर ठेवा की. गाडी आपलीच ना?"

आपलीच, म्हणूनच तर! संस्थान विलीन झालं तेव्हा कारभाऱ्याकडून घेतलेली ही अमेरिकन गाडी. तेव्हापासून हिच्यातून भाड्यानं सवाऱ्या नेतो, पण स्टिअरिंगवर माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही. बायकोसुद्धा मागच्या सीटवर. आता दुसराच कुणी चालवणार आणि मी सवारी होऊन बसणार? त्यापेक्षा गाडीत कोंबड्या पाळीन.

११ जानेवारी

श्रीवर्धनहून फकरुद्दीन आला. पूर्वी बोटीवर इंजीनखोलीत होता, आता मोटारी दुरुस्त करतो. मुंबईत भंगारात पुढून चेपलेली नव्या जमान्याची अमेरिकन गाडी आलीय म्हणे, गिअर आपोआप बदलणारी. तिचा गिअरबॉक्स आपल्या गाडीत बसवू म्हणतो. "बाळाजीभाय, क्लचच नाय. डावा पाय घरी ठेवून ये."

मी खूप हसलो. गिअर आपोआप पडणार तर ड्रायव्हर कशाला? देवळातला नंदी बसवा!

१२ जानेवारी

हो म्हणून कळवलं.

३० जानेवारी

बॉक्स आला, सुकटीच्या ट्रकमधून. वास असा की कोकिळेनं दोनदा राखेनं घासून घेतला.

जागा पुरेना. फकरुद्दीननं गाडीखालचा आडवा पट्टा कापला, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आखूड करून जोडला. शेवटी क्लचचं पेडल काढून माझ्या हातात दिलं. माझ्याच पायानं गुळगुळीत झालेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. जपून घरात ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर कोकिळेनं ते मागच्या दाराला अडणा म्हणून लावलंय.

१० फेब्रुवारी

गाडी चालली! पण आधी फजिती झाली.

आमची बॅटरी कायम मेलेली. त्यामुळे रोज सकाळी तुळशीरामच्या हॉटेलात चहा पिणारी मंडळी गाडीला धक्का देणार आणि बदल्यात बाजारपेठेपर्यंत फूटबोर्डवर उभी राहणार, हा इथला रिवाज. आज त्यांनी पार नदीपर्यंत ढकलली. हूं की चूं नाही. तुळशीराम म्हणाला, "बाळाजी, गाडी मेली रं." फकरुद्दीन पोट धरून हसला. असली गाडी माणसांच्या धक्क्यानं चालू होत नाही म्हणे. मग हँडल मारलं, तर एका फेऱ्यात चालू.

मंडळी मात्र रुसली. "धक्का न्हाय, तर फूटबोर्ड बी न्हाय काय?"

हॉटेलात मीही जरा फुशारलो. म्हटलं, आता ही गाडी आमची कोकिळासुद्धा चालवेल. सगळे हसले. मी सर्वांत जास्त.

निघताना फकरुद्दीन म्हणाला, "गाडी बंद करताना गिअरचा दांडा पी अक्षरावर टाक. नाय तर चाकं अडत नाय." हे मला सांगतोय! हँडब्रेक कधी नव्हताच. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून सोडायची, आमच्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर तसंच करतात.

शिवरात्र

हरिहरेश्वरी सवाऱ्या दर्शनाला उतरल्या. गाडी चढावर. इंजीन बंद केलं आणि सवयीनं दांडा खालच्या गिअरात टाकून उतरलो. गाडी मागं निघाली! खाली नारळवाल्या बायका. दगड शोधायला वेळ नव्हता. दगडाच्या जागी माझा उजवा पाय गेला.

गाडी थांबली.

निरोप मिळताच फकरुद्दीन श्रीवर्धनहून आला, गाडी आणि मला त्यानं घरी आणलं. वाटेत एकच शब्द बोलला, "पी."

२ मार्च

उजवा पाय प्लास्टरमध्ये. सवाऱ्या विचारून परत जातात. आज कोकिळा म्हणाली, "अहो, तो दांडा कुठं ढकलायचा असतो?"

९ मार्च

कापणी झालेल्या शेतात तिला शिकवतोय. म्हणजे मी शेजारी बसून ओरडतो आणि ती चालवते. "ओरडू नका. गाडीला कान नाहीत, मला आहेत."

२८ मार्च

मोटार परवान्याच्या साहेबानं तिची परीक्षा घेतली. विचारलं, क्लच कुठाय? कोकिळा म्हणाली, "घरी. दाराला लावलाय." परवाना मिळाला.

१६ एप्रिल

पहिल्या दिवशी हॉटेलातलं एकही माणूस हसलं नाही. फूटबोर्ड तिनं पुन्हा सुरू केलाय ना! मोहल्ल्यातली जहुरा कधी माझ्या गाडीत बसली नव्हती. आता तिघी-चौघींना घेऊन येते, माहेरी जाते, इस्पितळात जाते. कोकिळा गाडी लावताना दांडा पी वर टाकते, वर चाकाला दगडही लावते. मला बघून लावते.

वळणावर ती गुणगुणते. इतक्या वर्षांत ती गाते हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवरचं ऐकू येत नसेल.

७ मे

डॉक्टर म्हणाले, पाय झकास जुळला, उद्यापासून खुशाल गाडी चालवा.

येताना तुळशीरामकडून एक काठी मागून घेतली. कोकिळेनं दारातच विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, अजून वेळ लागेल म्हणतात.