भुईवरची गादी

प्रिय सुभद्रामाय,

तुझा गजानन आज सकाळी येऊन गेला. माझी रात्रपाळी नुकतीच संपली होती. तुझी तेरवी आटोपली, एवढं सांगायला तो वरवट बकालहून एसटीने आला. तो जे बोलला ते ऐकून घरी आले, पण झोप कुठली? म्हणून रोजच्या डायरीऐवजी तुलाच लिहायला बसले.

आमच्या या ‘शेवटच्या दवाखान्यात’ (हे नाव तुझंच) तू आलीस तेव्हा आजार मणक्यात उतरला होता. कूस बदलली तरी ओठ चावायचीस. आणि तुमच्या घरची रीत अशी की माणसाला खाटेवर मरू द्यायचं नाही, जीव जायच्या आधी भुईवर घ्यायचं. आमच्याकडे ही रीत नाही. पण इतक्या वर्षांच्या रात्रपाळ्यांनंतर मी कुणाच्या रीतीला हसत नाही.

त्या रात्री तुझा श्वास लांबला. गजाननने आणि तुझ्या सुनेने चादरीची टोकं धरून तुला फरशीवर घेतलं. तू ओरडलीस, ते अजून कानात आहे. मग डोळे उघडलेस.

“काऊन रे, मेली का मी?”

“नाही माय.”

“मंग वर टाक मले. फरशी लय गार हाय. अन् चहा सांग.”

सून पदरात तोंड घालून हसली. गजानन व्हरांड्यात जाऊन रडला. घरीही एकदा असंच झालं होतं म्हणे.

मी चमच्याने चहा पाजत होते तेव्हा तू हळूच म्हणालीस, “मराचं भेव नाही वं पोरी. उचलाचं भेव वाटते.”

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून तुझी खाटच काढायचं ठरवलं. दुखण्याचं औषध लागू पडेपर्यंत थांबलो, आणि तुला एकदाच, सावकाश, भुईवरच्या गादीवर घेतलं. गजाननने गादीची कड चाचपून पाहिली.

“शिस्टर, हे चालते का? मधात गादी हाय.”

मला काय माहीत? तूच म्हणालीस, “अबे, खाट त नाही ना? झोप आता.” आणि तो तुझ्या शेजारी चटई टाकून खरंच झोपला.

पुढच्या रात्री मला आवडल्या, हे लिहायला संकोच वाटतो. मी तुझ्या उशाशी मांडी घालून बसायचे. उठताना माझे गुडघे धरायचे, की तू विचारायचीस, “म्हातारी तू हायस का मी?”

शेवटच्या पहाटे तुझा श्वास बदलला. मी ओळखला. गजाननला उठवू का? उठून तुला गादीवरून खाली घ्यायचं म्हणाला तर? क्षणभर वाटलं, झोपू द्यावं. पण मुलगा तो होता, मी नव्हते. उठवलं. तो नुसता कुशीवर वळला आणि त्याने तुझा हात धरला. कोणी कोणाला उचललं नाही. तू ओरडली नाहीस.

तरी तेव्हापासून एकच प्रश्न मनात होता. मी तुझं दुखणं वाचवलं, की तुझ्या मुलाच्या मागे जन्माची रुखरुख लावली? गावात विचारलं तर तो काय सांगेल?

आज त्यालाच विचारलं.

“मामानं विचारलं ना,” तो म्हणाला. “म्हने, बहिणीले भुईवर घेतलं होतं का? म्हनलं, हाव.”

“पण मधे गादी...”

“शिस्टर, तुमचं ध्यान तिच्या श्वासात होतं. मी मायच्या हाताचा तळवा फरशीवर टेकवला होता. जीव जाईपर्यंत तसाच धरून होतो.” मग किंचित हसला. “तिनं बोटं आखडली. फरशी गारच होती ना.”

माय, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मी तुझ्या छातीकडे बघत राहिले आणि तुझ्या लेकाने माझ्या शेजारी पडल्यापडल्याच त्याचा प्रश्न सोडवला होता.

आता नवीन माणूस दाखल झाला की पहिल्याच संध्याकाळी घरच्यांना विचारीन, तुमच्याकडे कसं करतात? श्वास अडकायची वाट बघणार नाही. आणि माझ्या पाळीत कोणाला दोनदा उचलू देणार नाही. हा तुला दिलेला शब्द.

झोप येतेय. आज मी पण खालीच अंथरलंय.

गुडघ्यांनी म्हातारी झालेली तुझी पोरगी,
वंदना शिस्टर