माजी सुनेच्या नावावर

४ मार्च

"तू माझी सून नसतीस ना, तर आपलं फार छान जमलं असतं." — सासूबाई म्हणाल्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या भांडी घासत होत्या, मी पुसत होते. मी हातातलं ताट ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. बाहेर घासण्याचा आवाज तसाच चालू!

आज वकिलाचा फोन. सासूबाईंनी साठवलेलं सगळं माझ्या नावावर ठेवलंय. माझ्या! मास्तरशी फारकत होऊन अकरा वर्षं झाली. मास्तर म्हणजे तेव्हाचा नवरा — शाळेत भूगोल शिकवतो, घरी बाकीचं सगळं शिकवायचा. त्या गेल्याचा निरोपही त्यानेच महिन्यापूर्वी दिला. मी गेले होते, मागच्या रांगेत उभी राहून आले.

वकिलाला पुन्हा पुन्हा विचारलं, "नाव नीट वाचलंत ना?"

"बाई, वाचायचेच पैसे घेतो मी."

५ मार्च

रक्कम लिहायला हात धजत नाही. माझा नऊ वर्षांचा पगार, एवढंच लिहिते.

अस्तरं शिवून! जन्मभर त्या दुसऱ्यांच्या कोटांना अस्तरं लावत बसल्या. सुईच्या एवढ्याशा भोकातून एवढं सगळं बाहेर आलं? उंच छताच्या खोलीत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो, तसं झालंय. घरात एकटी आहे, तरी पाय न वाजवता चालतेय.

७ मार्च

धाकट्या बहिणीला सांगितलं. किंचाळलीच. "सासूने? फारकतीनंतर? अगं, पेपरात छापून आण!" मग लगेच व्यवहार — "मुकाट्याने घे आणि स्वतःचं घर बघ. भाड्याच्या खोलीत म्हातारी होणार आहेस का?"

म्हटलं, घ्यावेत की नाही तेच कळत नाही. त्या माझ्यावर कधी खूश नव्हत्या गं.

"डोकं फिरलंय तुझं." फोन आपटला. पाच मिनिटांनी पुन्हा केला. "नाही, खरंच फिरलंय."

८ मार्च

वकिलाच्या कचेरीत मास्तर भेटला. केस पांढरे झालेत, शोभतात. घर त्याला, पैसे मला. "आई गेली तरी तुझीच बाजू घेते," हसत म्हणाला. डोळे हसत नव्हते. त्याची बायको शेजारी ताठ बसलेली. माझ्यासमोर पेन नव्हतं, तर स्वतःचं सरकवलं, तेवढंच.

सही केली नाही. थोडा वेळ मागितला.

"वेळ कशाला?" मास्तर.

"हे पैसे कशाचे आहेत ते मला कळू दे."

"पैसे पैशांचे असतात." तोच सूर! फळ्यावर लिहून देईल असं वाटलं.

११ मार्च

दिवसभर एका कवळीचे दात मेणात बसवत होते आणि सासूबाई डोळ्यांपुढून हलेनात.

फारकतीनंतर दोन वर्षांनी त्या लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा दवाखाना पुढे, मागच्या खोलीत मी दात करते. "कवळी करायची आहे. तुझ्या हातची." केली, जीव लावून केली. महिन्याने पुन्हा दारात — "टोचतं गं." आणि मग दर महिन्याला. टोचतं गं! मी तोंडात बघायची, कवळी साच्यावर चढवून बघायची. कुठे टोचतंय ते सापडेल तर शपथ. शेवटी काहीच न घासता नुसती पॉलिश करून द्यायची. की त्या म्हणायच्या, "आता कशी बसली!"

पॉलिश होईपर्यंत स्टुलावर बसायच्या, बोळक्या तोंडावर पदर धरून. गप्पा मारायच्या. निम्मे शब्द हवेत जायचे. बिनदाताच्या त्या मास्तरलाही कधी दिसल्या नव्हत्या, हे त्यांनीच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, चला, बसली एकदाची कवळी!

१२ मार्च

काही ठरलं नाही. पडदे धुतले.

१४ मार्च

डॉक्टरांनी चहाला बोलावलं. जून संपला की दवाखाना बंद. गुडघे ऐकत नाहीत. नवा माणूस दात बाहेरून करून घेणार, मागच्या खोलीची त्याला गरज नाही. "तू घेतेस का लॅब? यंत्रं, खोली, सगळं. तुझ्याशी भाव करणार नाही." आकडा सांगितला. माझ्याकडे आलेलं सगळं जवळजवळ त्यातच जाईल!

कुठून आले पैसे, ते सांगितलं. म्हटलं, ज्यांना माझं काम कधी पटलं नाही त्यांचेच पैसे घेऊन तेच काम पुढे चालवू?

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"पटलं नाही? अगं, त्यांच्या हिरड्यांवर एक ओरखडा नव्हता कधी. मी म्हणायचो, आजी, कशाला हेलपाटे घालता? तर म्हणाल्या, तिला सांगू नका हं. टोचायचं थांबलं तर मी कुठल्या तोंडाने येऊ?"

त्या खोटं बोलत होत्या, मी खोटी पॉलिश करत होते, आणि दोघींच्या मध्ये ते यंत्र खरंखुरं गरगरत होतं — एवढी वर्षं! मी ज्याला कटकट म्हणत आले ते हे होतं. केवढं होतं ते! माझ्या समोर, स्टुलावर बसलेलं.

१६ मार्च

सही केली. डॉक्टरांना सांगितलं, लॅब माझी.

माझी! आज सगळी यंत्रं पुसली. साच्यांचं फडताळ पुसलं. त्यांचा साचा तिथेच आहे, हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. प्लास्टर इतकं हलकं असतं हे विसरले होते.

बहीण म्हणाली, "घर सोडून दुकान घेतलंस? छान. तिथेच झोप आता." पण पैसे कधी द्यायचे, कागद कुणाच्या नावे, सगळं विचारून घेतलं, म्हणजे राग नाही.

१९ मार्च

दुपारी मास्तरची बायको आली. एकटी. उंबऱ्यातच थांबली.

"आत या ना."

"आत कधी आले नाही ना, म्हणून."

पिशवीतून डबी काढली. सासूबाईंची कवळी. धुऊन, मऊ कापडात गुंडाळलेली. "टाकवेना. तुमच्या हातची, म्हटलं तुम्हालाच द्यावी."

बसा म्हटलं. फार जपून बसली. साडीखाली कमरेला रुंद पट्टा. मी पाहिलं ते तिने पाहिलं. "आईंना उचलायला लागायचं ना. शेवटचं वर्षभर कूससुद्धा वळवता येत नव्हती त्यांना."

मला काहीच माहीत नव्हतं.

मग म्हणाली, "आधीही मीच आणायची त्यांना. दोन बस बदलून. त्या समोर बाक आहे ना, तिथे बसायची मी. आत येऊ द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तू दिसलीस तर ती अवघडेल."

खिडकीतून दिसतो तो बाक. रोज दिसतो. वर छप्पर नाही, झाड नाही.

"उन्हातान्हात?"

"छत्री असायची, ताई." हसली. "परतताना मात्र फार खुशीत असायच्या. रात्री जेवायच्यासुद्धा नीट. मग मला काय, कुठेही बसवा."

पैशांबद्दल चकार शब्द नाही. जाताना यंत्राकडे बोट केलं — "ह्याच्यावर चकाकी देता होय?" चालू करून दाखवलं. लहान मुलीसारखी बघत राहिली.

२० मार्च

डॉक्टरांना लॅबचं नाही म्हणून कळवलं. निम्म्या पैशात ती होत नाही. जूननंतर काय, माहीत नाही.

आत्ता मास्तरच्या बायकोला फोन करते आहे. — अर्धे तुझे आहेत, घेशील?

नाहीच म्हणेल.