अमावस्येचे दोन येढे

४ नोव्हेंबर ५७, सोमवार. मुरुम.

काका सोलापूरहून परतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. काका स्वतः डॉक्टर, त्यामुळं गोड बोलून समजूत घालायची सोय नाही. कडेचं दिसायचं बंद झालंय, मधलं उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं. हे त्यांनी जेवताना सांगितलं, दुसऱ्याच कुणा पेशंटबद्दल सांगावं तसं. काकू वाढत होत्या. हात थांबला नाही त्यांचा, पण माझ्या पानात दोनदा मीठ पडलं.

मग म्हणाले, "यंदा येळवशीला शेतात जायचं. मोटारीनं. मी चालवणार."

मोटार! पोलीस ॲक्शनच्या वर्षी कुणी उचलून नेऊ नये म्हणून काकांनी तिची चाकं काढून लपवली. पुढं एस.टी. आली आणि राहूनच गेलं. तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या सोप्यात दगडांवर उभी. मी म्हटलं, बैलगाडी जुंपू की. तर, "गाठोड्यासारखं नेऊन टाकणार का मला? एकदा उभी ज्वारी बघायची आहे. माझ्या हातानं गाडी चालवत जाऊन."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव शेतात जेवायला जातं. दीड महिना आहे. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

७ नोव्हें., गुरु.

उमरग्याहून मकबूल मिस्त्री आले. आल्या आल्या चहा, मग सोलापुरात कुणाकुणाच्या गाड्या उघडल्या त्याचं पुराण. नंतर मोटारीभोवती एक चक्कर मारून माझ्या कानात, "नौ बरस हुए मास्टरसाब. इंजन जाम होके लोखंड का गोळा हो गया होंगा. डॉक्टरसाब को कैसा बोलना?"

तरी हँडल लावलं. अंगातला सगळा जोर काढून दाबलं, आणि ते इतकं सहज फिरलं की मिस्त्री तोल जाऊन बंपरवर. उठून परत फिरवलं. परत फिरलं. मला विचारतात, "कौन हात लगाया इसको?"

दारातून काकू म्हणाल्या, "फिरंल की. दर अमावस्येला दोन येढे देते म्या."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी.

"हेनीच. चाकं काढली त्या दिवशी. म्हनले, मी सांगेपर्यंत हँडल फिरवत जा."

काका ओसरीवर होते. "मी? मी म्हणालो असं?" त्यांना काही म्हणजे काही आठवेना.

लेकीची बाळंतपणं झाली, घर शाकारलं, स्वतः टायफॉइडनं आडव्या होत्या, आणि ह्या बाई अमावस्येला पहाटे उठून मोटारीचं हँडल फिरवतायत. फेरे दोनच, पण चुकवले नाहीत. मी शाळेच्या नोकरीसाठी पाच वर्षं ह्याच घरात राहतो. झोपलेला असणार. मला लई म्हणजे लईच कौतुक वाटलं, आणि तोंडावर सांगायला जमलं नाही म्हणून इथं लिहितो.

१० नोव्हें., रवि.

चाकं कुठं आहेत? काका म्हणाले, पेवात. अंगणातल्या धान्याच्या जुन्या पेवात चार चाकं, वर कडबा, वर माती. तोंड उघडून सकाळभर वारा खाऊ दिला, मग कंदील सोडून पाहिला. विझला नाही, तेव्हा मिस्त्री उतरले. चाकं वर आली ती ज्वारीच्या वासाची. टायर बरे, उंदरांनी एकच कुरतडलाय. ट्यूबा गेल्या.

काका प्रत्येक चाक हातानं चाचपून, "हे मागचं डावं." बरोबर होतं.

१७ नोव्हें., रवि.

चाकं बसली. बॅटरी, पेट्रोल, प्लग, सगळं झालं. दुपारी सुरू झाली!! आधी खोकली, धूर सोडला, शेजारच्या म्हशी दावं तोडून पळाल्या, आणि मग चालू राहिली.

काका ओसरीवरूनच, "तिसरा चुकतोय." मिस्त्रींनी तिसरा प्लग काढला. काळा ठिक्कर. "वां से कैसा मालूम पड्या साब?" काका नुसते हसले. छातीला नळी लावून जन्मभर ऐकत आलेला माणूस. डोळे जातील तेव्हा जातील, पण हा कान बघून मला धीर आला.

धीर थोडाच टिकला. जरा वेळ चालली की पाणी उकळतं, रेडिएटरच्या तोंडातून वाफ. परत थंड करा, परत तेच. असं झालं तर वेशीपर्यंतसुद्धा जाणार नाही.

२१ नोव्हें., गुरु. अमावस्या.

मुद्दाम पहाटे उठलो. काकू न्हाऊन आल्या, हँडल लावलं, पदर खोचला, दोन फेरे. मी म्हटलं, काकू, आता इंजिन रोज चालतं, कशाला? "असू दे," म्हणाल्या.

दुपारी मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला. आतून पांढरे खपले निघाले, चुन्यासारखे. मी शास्त्रीय कारणं सांगत बसलो, मुरुमच्या पाण्यातला क्षार वगैरे. मिस्त्रींनी एक खपला नाकाला लावला. "मास्टरसाब, ये तो खट्टा है."

आंबील! दर येळवशीला सगळं घर शेतातून जेवून परतलं की काकू उरलेली वाटीभर आंबील मोटारीला दाखवायच्या. नुसती दाखवायच्या नाहीत, झाकण उघडून पाजायच्या. "तिचं त्वांड तितंच हाय न्हवं? घरातली समदी जेवल्यावर तिलाच का उपाशी ठिवायचं?"

ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मीठ. नऊ वर्षांचा नैवेद्य नळ्यांत वाळून बसलाय. मिस्त्री हसून हसून खाली बसले. काका तर डोळे पुसत होते. काकू मात्र गंभीर. ज्या हातानं इंजिन राखलं त्याच हातानं गाडीचा घसा बुजवला, हे त्यांना लागलं असावं. काका म्हणाले, "अगं, चांगलं केलंस. पोटभर जेवलेली आहे, म्हणून तर चालतेय."

१ डिसें., रवि.

आठवडाभर धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. आज पाणी साफ आलं. इंजिन अर्धा तास चाललं, उकळलं नाही. मिस्त्रींनी वेशीपर्यंत नेऊन आणली. काकूंनी ओवाळली. तोंडात काही घातलं नाही.

१५ डिसें., रवि.

आज काकांनी चालवली. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बाजाराचं मैदान रिकामं होतं. काका बसले, गियर टाकला, हात इतका सराईत की मी थक्क. वळण सुंदर घेतलं. मग डाव्या बाजूला कडब्याची गाडी उभी होती, ती त्यांना दिसलीच नाही. सगळ्यांना दिसत होती. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला. वीतभर अंतर राहिलं.

काका उतरले. मागं न बघता घरी चालत आले, वाटेतल्या भिंतींना हात लावत, त्या मोजल्यासारखे. संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री चालवतील. तुम्ही जा. मी घरी थांबतो."

१८ डिसें., बुध.

 भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीसाठी, शेंगा सोलणं चाललंय, आंबील मुरतेय, नुसत्या वासावरनं सण कळतो. काका ओसरीवर मोटारीकडं पाठ करून बसतात.

आज काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "डावीकडं मी बसते. डावीकडचं मी सांगीन. उजवीकडचं तुमी बगा, न्हाय दिसलं तर ते बी सांगीन."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"काय कळत न्हाय. पर सांगिटलं तसं करायचं म्हाईत हाय मला."

काका मोटारीकडं वळले. मग मला म्हणाले, "सायकल आहे ना तुझी? पुढं राहा. घंटी वाजवत."

२१ डिसें., शनि. येळवस.

गेलो.

मी सायकलवर पुढं, घंटी वाजवून अंगठा दुखतोय. मागं मोटार, बैलाच्या चालीनं. काकूंच्या मांडीवर आंबिलीनं भरलेलं बिंदगं. मागच्या सीटवर मिस्त्री, एक हात हँडब्रेकवर. इंजिनाच्या आवाजावर काकूंचा आवाज, "डावीकडं बाभळ. डावीकडं म्हातारी. थांबा. आता चला." ज्या बाईनं जन्मात ह्यांना चल म्हटलं नव्हतं ती. रस्ताभर लोक शेतात निघालेले, सगळे बाजूला होऊन बघत होते. कुणी हसलं नाही.

शेताच्या बांधाशी मोटार थांबवून काका खाली उतरले. ज्वारी छातीभर, कणसं भरलेली. दोन्ही हात पसरून आत शिरले. कणसासकट एक ताट नाकाशी धरून बघत होते, फार वेळ. मी दुसरीकडं गेलो.

जेवणं झाल्यावर काकू वाटी घेऊन मोटारीकडं निघाल्या, सवयीनं. काकांनी पावलं ओळखली. "तोंडात नको. चाकावर घाल." घातली.

तिथंच मी म्हटलं, काका, आता काकूंना थांबायला सांगून टाका. आज पहाटेसुद्धा हँडल फिरवलंय त्यांनी. मोटार चालू झाली, आता कशाला?

काका म्हणाले, "आवाज आला मला." मग काकूंना, "पुढच्या अमावस्येला फिरवशील?"

"तुमी थांब म्हनला न्हाईत अजून."

"मी पुन्हा चालवीन असं नाही."

"ते मला काय म्हाईत. तुमी थांब म्हनला न्हाईत."

काका ज्वारीकडं तोंड करून उभे होते. म्हणाले, "मग थांब म्हणत नाही."