चिमीचं ऑपरेशन

लाडक्या धाकट्या,

तू दहा वर्षांचा होईपर्यंत तुझ्या बुटांच्या नाड्या शाळेच्या पायरीवर बसून मीच बांधायची. वर्गावरच्या सिस्टर तुला ठोंब्या म्हणायच्या, पण आपल्या रक्तातच खोट आहे असं कुणी म्हटलं नाही.

आता तुझ्या चिमीबद्दल डॉक्टर तसं म्हणतात. परवा त्यांनी तिच्या बुद्धीची चाचणी घेतली तेव्हा मी शेजारीच होते.

"रस्त्यात पाकीट सापडलं तर काय करशील?"

"तिथेच बसेन. ज्याचं असेल तो शोधत येईलच की!"

त्यांनी शून्य दिलं. आणि तू म्हणालास, "ताई, उद्या हिला मूल झालं तर तेही असंच निपजेल. सोमवारी गर्भपिशवी काढून टाकू, विषय संपेल."

एकोणीस वर्षांची पोर मला विचारते, "आत्या, टॉन्सिल्स काढल्यावर आइस्क्रीम देतात ना?" तिला तू टॉन्सिल्स सांगितलंस.

उद्या पहिल्या गाडीनं मी तिला घेऊन निघते आहे. हे पत्र तिथे पोचूनही पेटीत टाकणार नाही, शिक्क्यावरून तुला गाव कळेल. पण लिहिल्याशिवाय राहवेना.

घरातला माझा वाटा तुला. आईच्या बांगड्या वहिनीला. चिमी मला.

तुझीच,
ताई